आईला सांगू नका

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मुलींनो, तुम्हालाही. बोलायला उभी राहिले खरी. मी शाहूपुरीत शिलाईचं दुकान चालवते, भाषणाची सवय न्हाय. मंगलबाईंनी मला आठवीत शिकवलं, आणि माझ्या लेकीला, श्रेयालाही. ती समोरच बसलीय. तिला विचारूनच बोलतेय.

आमच्या वेळी बाईंच्या टेबलावर पत्र्याचा डबा असायचा. घरी जे विचारता येत न्हाय ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं न्हाय, डब्यात टाकायचं. शनिवारी बाई उत्तरं द्यायच्या. पाळी, पोरांचा त्रास, अंगातले बदल, सगळं. आम्ही माना खाली घालून ऐकायचो, पण एक शब्द सोडायचो न्हाय.

श्रेयाच्या वेळी डबा गेला, व्हॉट्सअॅप आलं. वर्गात मोठा स्क्रीन आला. पन्नाशी उलटल्यावर बाई तो वापरायला शिकल्या, तेही मुलींकडूनच. एकदा आपला फोन स्क्रीनला जोडून हृदयाचं चित्र दाखवत होत्या. श्रेया त्या दिवशी तापानं घरी होती. तिचा मेसेज वर झळकला, नावासकट. 'बाई, आईला सांगू नका. मला तिची भीती वाटते.' पुढचं मी सांगणार न्हाय, ते तिचं हाय. पण अख्ख्या वर्गानं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत येऊन बाईंवर ओरडले. "जमत न्हाय तर हे खेळ करता कशाला?" बाकीचे शिक्षक बघत होते. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चूक माझीच हाय. जोडायच्या आधी मेसेज बंद करायला पायजे होते." संध्याकाळी कसबा बावड्याला आमच्या घरी आल्या. श्रेयाशेजारी बसून म्हणाल्या, "बाळ, माझं चुकलं." मी त्यांना चहासुद्धा विचारला न्हाय.

खरं सांगू? मला राग स्क्रीनचा न्हवता. माझी पोर मला भिते, हे चारचौघींनी वाचलं, त्याचा होता.

आणि मी कोण हो बोलणारी? आठवीत मीही त्या डब्यात चिठ्ठी टाकली होती. 'आईला सांगू नका.' हेच शब्द. नाव न्हवतं, पण बाई आमच्या वह्या तपासायच्या, अक्षर ओळखणारच की. मधल्या सुट्टीत मला थांबवून म्हणाल्या, "मी न्हाय सांगणार. तू सांग. मी सोबत येते." आणि आल्या. माझ्या आईसमोर माझा हात धरून बसल्या.

मी ओरडत होते तेव्हा बाईंना हे आठवत नसेल? एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. त्यांनी केलं न्हाय.

त्यानंतर बाई शाळेच्या कॉम्प्युटरवरून शिकवायच्या. तासाआधी फोन बंद करायच्या, मुलींना दाखवायच्या, आणि कपाटातून काढलेल्या त्या जुन्या डब्यात ठेवायच्या. हे मला श्रेयानं सांगितलं. उद्या जाऊ, माफी मागू, असं मी म्हणत राहिले. बाई गेल्या त्या दिवशी श्रेयानं विचारलं, "आई, तू बाईंना सॉरी म्हणालीस का?"

बाई, माझं चुकलं. सगळ्यांसमोर ओरडले होते, सगळ्यांसमोरच सांगते.

तो डबा फोटोशेजारी ठेवलाय. बाईंसारखे आपापले फोन बंद करा, आणि दोन मिनिटं शांत उभं राहूया. श्रेया, ये बाळ. माझ्याजवळ उभी राहा.