चौदा जणांचं रक्त

(नवनगर. भीमाबाईंचं घर. त्यांची मुलगी गौतमी आणि सफाईचा ठेकेदार दत्तात्रय समोरासमोर. भीमाबाई बाजूला बसलेल्या.)

दत्तात्रय : तक्रार मागं घे की गं, गौतमी. कामगार खात्याची नोटीस आलीय. दवाखान्याचा ठेका जाईल माझा.

गौतमी : जाऊ दे.

दत्तात्रय : कचऱ्याच्या पिशवीतली सुई तुझ्या भावाला टोचली, त्यात माझा काय दोष? यशपालला हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस दिलेले. वहीत तारखा हायत.

गौतमी : वहीत असतील, अण्णा. रक्तात नाहीत.

दत्तात्रय : म्हणजे?

गौतमी : मी विद्यानगरला लॅबमध्ये कामाला आहे. तुमच्या बाकीच्या चौदा कामगारांचं रक्त तपासलंय मी. त्यांनीच हात पुढं केले.

दत्तात्रय : रक्तात लस दिसते व्हय?

गौतमी : अँटिबॉडी दिसतात. नीट ऐका, मला घाई नाही. लशीत विषाणू नसतो, त्याच्या आवरणाचं नुसतं प्रोटीन असतं. शरीर ते ओळखायला शिकतं आणि त्यावर नेमक्या बसतील अशा अँटिबॉडी तयार करतं. पुढं खरा विषाणू आला, की त्या त्याच्या आवरणाला चिकटतात. ज्या जागेनं तो लिव्हरच्या पेशीला धरणार, तीच जागा झाकतात. मग पेशीत शिरताच येत नाही त्याला.

दत्तात्रय : काही जणांना लस लागू पडत नाही म्हणे.

गौतमी : शंभरात पाच-दहा जणांना. चौदाच्या चौदा जणांना असं होत नाही. यमुनाक्का, परशुराम, सगळे कोरे. आणि तुमच्या वहीत तिसऱ्या डोसला अजून वर्षही झालं नाही. इतक्यात अँटिबॉडी पुसल्या जात नाहीत.

दत्तात्रय : आयतु, बरं बाई. चुकलं. उद्याच सगळ्यांना लस देतो.

गौतमी : पहिला डोस सोमवारी घेतला त्यांनी. सरकारी दवाखान्यात.

दत्तात्रय : मग आता काय पाहिजे तुला?

गौतमी : सुई टोचली त्या दुपारी डॉक्टर यशपालला तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देणार होते. चोवीस तासांत मिळालं तर बहुतेक जण वाचतात. तुम्ही वही घेऊन धावत आलात. म्हणालात, याचे तिन्ही डोस झालेत. डॉक्टरांनी विश्वास ठेवला. पाचव्या महिन्यात लिव्हर गेलं त्याचं. शेवटी मला ओळखत नव्हता.

दत्तात्रय : मला काय ठाऊक, त्या सुईत असलं काही असेल! भीमाक्का, तुम्ही तरी सांगा हिला. दोन पोरी हायत मला.

भीमाबाई : त्याच्या मातीला आलतास न्हवं तू? माणसांत उभा राहून म्हणालास, दारूनं गेला. मी ऐकलं.

दत्तात्रय : चुकलो, अक्का.

भीमाबाई : तो थेंबाला शिवला नव्हता. गल्ली जमलीय भाईर. सांग त्यांना.

दत्तात्रय : सांगितलं तर तक्रार मागं घ्याल?

भीमाबाई : आधी सांग.

दत्तात्रय : ऐका हो सगळे! केळ्री! यशपाल दारू पीत नव्हता. लस दिली नव्हती त्याला. वहीत मी खोटं लिहिलं. ...झालं, अक्का?

भीमाबाई : झालं.

दत्तात्रय : मग तक्रार?

भीमाबाई : गुरुवारी अकराला कामगार खात्यात बोलावलंय म्हणं तुला. वेळेवर जा.