कप्तान वणवाची छाती

धारूरच्या अप्पांनी माझी कशी जिरवली, ते तुमाला सांगितलंच न्हाई. अप्पांचं किराणा दुकान हाय, पण तरुणपणी त्यांनी कप्तान वणवा नावाच्या वीराच्या वीस-बावीस छोट्या साहसकादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्याला कॉमिकमधून परत आणायचं म्हणून मी सहा महिने चित्रं काढली आणि परवानगी मागायला गेलतो.

अप्पांनी चष्मा पुसून पानं उलटली.

"यो पैलवान कोण?"

"वणवाच की, अप्पा."

"इथं काय करतोय?"

"तुरुंगातून पळतोय. गजांमधून निसटतो, तुमीच लिहिलंय."

अप्पांनी आधी चित्रातल्या छातीवर बोट ठेवलं, मग गजांवर.

"ह्यातून?"

मी भराभरा पुढची पानं उलटली. प्रत्येक पानावर तीच छाती होती.

"माझा वणवा उपाशी माणूस हाय," अप्पा म्हणाले. "म्हणून तर निसटतो."

"मग आता काय करू?"

गिऱ्हाइकाची डाळ जोखता जोखता अप्पा शांतपणे म्हणाले, "एक हंगाम ऊसतोडीला धाड त्याला. आपसूक निघंल गजातून."