पांढरी कुंची

(बीबी गावाजवळच्या शेतात कापसाची वेचणी दुपारच्या भाकरीसाठी थांबली आहे. गुलाबराव आणि सिंधूताई लिंबाखाली बसलेत. समोर पाण्याच्या कॅनला टेकवून मोबाईल उभा केला आहे. पडद्यावर त्यांची मुलगी धम्मशीला. ती जपानच्या शिमाने भागात, एका वृद्धाश्रमात काम करते. आज तिची सुट्टी.)

सिंधूताई : अवं पन त्या रस्त्यावर कुत्रंबी दिसून नाही राह्यलं. एकटीच हायेस का?

धम्मशीला : एकटीच हाय, माय. जिथं बसा भरून लोकं येतात तिथं मले नाही जायचं.

गुलाबराव : तेच दाखव ना मंग. लोकं काही येडे नाहीत. आपलं लोणार पाह्य, कुठून कुठून येतात.

धम्मशीला : अन् सरोवरात डोकावतात, फोटो काढतात, चालले परत. लोणारले आलेला मानूस कधी आपल्या वावरात येते का?

गुलाबराव : काऊन येईन? बोंडअळी पाहाले?

सिंधूताई : तू दाखव तुले जे दाखवायचं ते. तुह्या बाबाले नुसतं वरवर बोलाची सवय हाय. मागच्या बारीले तू ते बंद पडलेलं ठेसन दाखवलं, तं कापूस घेऊन खामगावले जिनिंगवर गेले अन् गाडी खाली होईलोक सगळ्याइले तेच सांगत बसले. जपानातबी ठेसन बंद पडते म्हने, रुळावर गवत वाढते, अन् एक म्हातारी तिथं रोज झाडू मारते.

गुलाबराव : शेजारचा पंजाबराव म्हने, जपानात बंदुकीच्या गोळीवानी गाड्या पयतात, तुह्यी पोरगी भलत्याच ठेसनावर उतरली.

धम्मशीला : त्याइले सांगा, म्हातारे माणसं भलत्याच ठेसनावर राह्यतात. म्हनून तं मले इथं काम हाय. हे पाहा, कॅमेरा फिरवते. दिसलं का डोंगरावर?

सिंधूताई : पायऱ्या दिसून राह्यल्या.

धम्मशीला : पायऱ्या नाही, भाताचे वावर हायेत. एक-एक वावर आपल्या अंगनाएवढं. पाऊस झाला का सगळ्याइत पानी भरते, अन् ढग खाली उतरल्यासारखे दिसतात.

गुलाबराव : अन् हे वरचे? गवतच गवत हाय त्याइच्यात.

धम्मशीला : ते पडीक हायेत. मालक आमच्याच होममधी हाय, त्याले आता उठता येत नाही. पोरं ओसाकाले.

गुलाबराव : बटईनं, अर्ध्या वाट्यानं द्याचं ना कोनाले.

धम्मशीला : घेनारा नाही, बाबा. फुकट देतो म्हनलं तरी नाही.

गुलाबराव : आपल्याकडंबी तेच व्हनार हाय. पंजाबरावनं कापसाची पऱ्हाटी उपटली, हरभरा पेरला. दुसऱ्या वेच्याची वाट नाही पाह्यली. त्याचं पोरगं पुण्याले गेलं ते गेलंच. हा डोंगर इकडून पाह्यला तं चांगला दिसते, पन त्या मालकाले काय दिसत असन?

सिंधूताई : आता तुम्ही तिचा दिवस खराब करू नका. शिला, ते घराले काय लटकवलं? तोरन हाय का?

धम्मशीला : फळं हायेत. सोलून दोरीले बांधतात, वाळले का गोड होतात.

गुलाबराव : टेंभरं दिसतात.

धम्मशीला : त्याचंच भाऊबंद असन. आता वर चढते. इथून पुढं बांबूचं बन हाय. रेंज गेली तं फोन कापू नका, मीच लावीन.

सिंधूताई : वर काय हाय?

धम्मशीला : साकाई आजीनं सांगतलेली जागा. ते आजी, जिचे मी केस विंचरते, ते. ही जागा नकाशात नाही, हॉटेलवाल्याइले माहीत नाही. ते म्हने, बस थांबते तिथून डावीकडं घे, बांबू संपले का थांब.

सिंधूताई : हळू चढ. आवाज कशाचा येऊन राह्यला?

धम्मशीला : वाऱ्याचा. बांबू एकमेकाले घासतात. हं, आली मी. आता पाहा.

गुलाबराव : थांब, थांब. हलवू नको मोबाईल. तथागत हायेत ना ते?

सिंधूताई : डोक्यावरचं फडकं काढलं पाह्य तुह्या बाबानं. हात जोडून राह्यले.

गुलाबराव : एक नाही, रांगच हाय. किती शांत चेहरे हायेत. अन् कोनाचं लक्ष नाही इथं. शिला, जवळ जाय. हे गळ्यात लाल काय हाय?

धम्मशीला : कपडा हाय. लाळेरं असते ना लेकराचं, तसं.

गुलाबराव : बुद्धाच्या गळ्यात लाळेरं? अन् डोक्यावर लाल टोपरं. ही काय मरीमाय हाय का, लाल फडके बांधाले?

धम्मशीला : बुद्ध नाही, बाबा. याइले जिझो म्हनतात.

गुलाबराव : कोन जिझो?

धम्मशीला : लहान लेकराइचा राखनदार. माय, तुले सांगू का नको, हाच विचार करत होती मी बसमधी. सांगू?

सिंधूताई : सांग ना. मी काय लहान हाय?

धम्मशीला : साकाई आजी सांगते, जे लेकरं माय-बापाच्या आधी जातात, ते एका नदीच्या काठी दगडावर दगड रचत बसतात. एकटेच. मंग हा येते अन् त्याइले आपल्या बाहीत घेते. त्याची बाही मोठी असते म्हने. ज्या मायचं लेकरू गेलं, ते आपल्या हातानं टोपरं करून आनते अन् एका दगडाले घालते. आजीचंबी गेलतं एक. ते दरवर्षी वर यायची. आता तिच्याच्यानं चढनं होत नाही, म्हनून मले पाठवलं. म्हने, माह्या दगडावरची टोपी हाय का उडाली, पाहून ये.

सिंधूताई : हाय का?

धम्मशीला : उडाली. हा पाह्य, डावीकडून तिसरा. उघडा बसला हाय.

सिंधूताई : अन् त्याच्या बाजूचा? तोबी उघडाच दिसून राह्यला.

धम्मशीला : तो कोनाचाच नाही वाटते. कानापर्यंत शेवाळ चढलं. जुनी नाडीबी नाही गळ्यात.

सिंधूताई : शिला, म्या त्याले कुंची शिवून पाठवली तं घालशीन का?

गुलाबराव : नाही.

सिंधूताई : मी तिले इचारलं.

गुलाबराव : मी सांगून राह्यलो. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपन. माह्या बापानं घरातले देव पिशवीत भरून नदीत सोडले, तवा मी त्याच्या खांद्यावर होतो. पोरीचं नाव धम्मशीला ठेवलं ते काय लोकाच्या देशात जाऊन दगडाले कपडे घालाले?

धम्मशीला : बाबा, इथले लोकंबी बौद्धच हायेत.

गुलाबराव : असतीन. बाबासाहेबानं दिला तो धम्म आपला. त्यात टोपरं नाही.

सिंधूताई : लाल नको ना तुमाले? तं नको लाल. माह्यं लग्नातलं पांढरं लुगडं हाय पेटीत, त्याची शिवते.

गुलाबराव : रंगाचं नाही म्हनत मी.

सिंधूताई : मी त्या दगडापाशी काही मागत नाही. नवस नाही, पूजा नाही, उदबत्ती नाही. मले फक्त डोकं झाकायचं हाय.

गुलाबराव : कोनाचं डोकं?

सिंधूताई : सुमेधचं.

धम्मशीला : माय.

सिंधूताई : बोलू दे मले. तू पोटातबी नव्हती तवाची गोष्ट हाय. चार महिन्याचा होता. ताप आला, दवाखान्यात पोचलो अन् संपलं. तुह्ये बाबा त्यानंतर नाव घेत नाहीत, म्हनून मीबी घेतलं नाही. पन मले एक सांगा, लोकाइचं मानूस गेलं तं त्याची जागा असते. तुमच्या मायनं, तानुबाईनं, मले घरात बसवलं. म्हने, बाया येत नाहीत, अन् तिले जागा सांगू नका, रोज जाऊन बसन अन् झुरन. तुम्ही अन् भावकीतले कडूबा भाऊ दोघंच त्याले पुराले गेले, हातपाय धुऊन आले. मी इचारलं तं म्हने, वावरात. एवढ्या मोठ्या वावरात कुठं? म्या निंदन केलं, वेचा केला, खत टाकलं, अन् दर पावलाले वाटे का इथं तं नसन. माह्यापाशी जागा नाही. म्हनून तिथं घालते म्हनलं.

धम्मशीला : बाबा, उठले काऊन? बाबा?

सिंधूताई : उठून चालले. राग आला त्याइले. जाऊ दे. तू ये खाली, अंधार व्हायच्या आत. तुह्यी बस जाईन.

धम्मशीला : शेवटची बस हाय, पन टाइम हाय अजून. कुठं गेले बाबा?

सिंधूताई : विहिरीपाशी उभे हायेत. हात करून राह्यले. काय हो?

गुलाबराव : मोबाईल घेऊन ये इकडं.

सिंधूताई : काऊन?

गुलाबराव : आन तं खरं. ती वर्सभर आपल्याले जागा दाखवून राह्यली. एक मी दाखवतो.

सिंधूताई : घ्या. पडद्यावर बोट लागू देऊ नका, फोन बंद होते.

गुलाबराव : शिला, विहिरीच्या पल्याडचा कोपरा दिसते का? पऱ्हाटी बुटकी हाय, बोंडं लहान हायेत.

धम्मशीला : हाव. तुमचा बाडरचा कोपरा. तिथं तुम्ही फवारा मारत नाही. पंजाबराव काका म्हनतात, गुलाबरावनं तिथं अळी पाळली हाय.

गुलाबराव : त्याले म्हनू दे. बीटी कापसाच्या बियान्याच्या थैलीत एक लहान पुडी यायची, साध्या बियान्याची, धुऱ्यानं लावाले. सारे फेकून देत. मी लोकाइले सांगत आलो का मी कंपनीचा नेम पाळतो, ती पुडी इथं लावतो. ती पुडी म्याबी फेकूनच दिली. हे बियानं बीटीच्या आधीचं हाय, आपल्या घरचं. दरसाल याची सरकी मीच राखतो अन् इथंच टोबतो.

सिंधूताई : मले तं कधी येऊ देत नाही तुम्ही या कोपऱ्यात. साप हाय म्हनता.

गुलाबराव : साप नाही इथं.

धम्मशीला : मंग फवारा काऊन मारत नाही, बाबा? बाकी वावरावर तं मारता.

गुलाबराव : लेकराच्या अंगावर कसा मारावा?

धम्मशीला : बाबा...

गुलाबराव : सारं वावर बीटीत गेलं. लोकं म्हनत होते, तेवढा तुकडा काऊन सोडतं? जहर मारल्याशिवाय पीक येत नाही आता. पन इथं माह्यानं पंप उचलला नाही जात. आला तेवढा कापूस, नाही आला तं नाही. कडूबाबी वारला. आता ही जागा मलेच माहीत होती.

सिंधूताई : मंग मले काऊन नाही सांगतलं? तुमच्या मायले जाऊन किती वर्सं झाले.

गुलाबराव : मायले शब्द दिला होता. अन् माय गेली तोवर तुह्याशी या गोष्टीवर बोलाची सवयच राह्यली नव्हती. वेचा लागला का रोज वाटे, आज सांगू. तू पल्याडच्या ओळीत वेचत असे. मी म्हनो, जवळच तं हाय त्याच्या.

सिंधूताई : किती जवळ?

गुलाबराव : तो पयला तास, पयली ओळ नाही का, जिथं तू दरसाल कापसासाठी कमरेले ओटी बांधून सुरुवात करतं. त्याच्या चार झाडं अलीकडं.

धम्मशीला : बाबा, माय दिसून नाही राह्यली. माय कुठं गेली?

गुलाबराव : चालली तिकडं. चपला इथंच सोडल्या तिनं.

धम्मशीला : तुम्हीबी जा ना संगं.

गुलाबराव : जाईन. आधी तिले जाऊ दे. शिला, तो शेवाळवाला दगड केवढा हाय?

धम्मशीला : लहान हाय. माह्या दोन्ही हाताच्या ओंजळीत डोकं मावते त्याचं. दाखवू का?

गुलाबराव : नको, समजलं मले. थंडी असन तिथं?

धम्मशीला : आतापासूनच हाय. पुढच्या महिन्यात बर्फ पडन.

गुलाबराव : मंग नुसतं लुगडं नाही पुरनार. आतून कापूस भरा लागन. बाजारचा नाही, इथलाच. तुह्यी माय ओटी बांधूनच राह्यली पाह्य.

धम्मशीला : अन् प्रतिज्ञा, बाबा?

गुलाबराव : ती काही मागते का? डोकं झाकून राह्यली फक्त. दोन शिवाले सांगतो. एक तुह्या त्या आजीच्या दगडाले. तिच्यानं चढनं होत नाही ना.

धम्मशीला : पंजाबराव काकाइनं इचारलं तं?

गुलाबराव : त्याले सांगीन, जपानले माल चालला. औंदा पयला सौदा आपलाच.

धम्मशीला : बाबा, मी उतरते आता, नाही तं बस जाईन. मायले सांगा, पोचल्यावर फोन करते. जय भीम.

गुलाबराव : जय भीम. अन् ऐक. नाड्या लांब ठेवाले सांगतो तिले. वारा लय दिसून राह्यला तिथं.