अर्जाची मागची बाजू

हॅलो?…

अगं, भावोजी कुठले, मीच बोलतेय. तुझी ताई… सर्दी नाही झाली. हल्ली असाच येतो आवाज, जाड… हसतेस काय? काल एका प्रवाशाने खिडकीत डोकं घालून विचारलं, ते घोषणा करणारे गृहस्थ कुठे आहेत?

हो, बोल, जेवणाची सुट्टीच आहे. माइकसमोरच बसलेय. डबा उघडलाय, पण भूक कुठे आहे… पुढची एसटी दोनला. तोवर मोकळी.

…कोणी सांगितलं तुला?

ह्यांनीच ना. ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

हो, लिहिलाय अर्ज. माइकवरून काढा आणि पार्सलच्या खोलीत बसवा म्हणून… अगं ऐक ना… एकवीस वर्षं झाली, मला काय हौस आहे? पण जमत नाही गं आता. वाक्य सुरू करते आणि ते संपता संपत नाही. ड्रायव्हर म्हणतात, ताई, तुम्ही ‘सुटणार आहे’ म्हणेपर्यंत आम्ही पूल ओलांडलेला असतो… चेष्टाच करतात, माया आहे त्यांची. पण परवा खरंच तसं झालं. एक म्हातारी बाकावर बसून राहिली आणि तिची गाडी गेली. मी फलाट सांगितला तोच उशिरा… छे, ओरडली नाही. उलट मलाच विचारलं, बाई, तुला बरं नाही का? तेच जास्त लागलं. त्याच दिवशी अर्ज लिहिला.

हो, स्वेटर आहे अंगात. भर दुपारी, पंखा बंद करून. तिकीट खिडकीवरच्या बायका आता माझ्याकडे डबा खायला येत नाहीत. खोलीला भट्टी म्हणतात.

हो, हो… केली होती ना तपासणी. दीड महिना झाला. तूच मागे लागली होतीस… थायरॉइडचीच. आणि रिपोर्ट आला नॉर्मल… तेच तर. आजार निघाला असता तर बरं झालं असतं, असं वाटायची वेळ आली. आजार नाही, म्हणजे मीच आळशी. हे काही बोलले नाहीत, मीच मला बोलत होते. सकाळी केस विंचरले तरी दमायला होतं. मग पलंगाच्या कडेला बसून राहते आणि स्वतःला म्हणते, ऊठ की गं म्हशे.

…नाही रडत. आवाजच तसा आहे, सांगितलं ना.

बरं, आता ऐक. मध्ये बोलू नकोस… बोललीसच.

काल औषधाच्या दुकानात गेले होते. तू पाठवलेल्या केसांच्या गोळ्या संपत आल्या, म्हटलं तशाच आणखी घ्याव्यात… हो, रोज घेत होते. घेतल्या नसत्या तर तू सोडलं असतंस का मला? दुकानदार काकांनी माझा आवाज ऐकला, स्वेटर बघितला, डबी उलटीसुलटी करून वाचली आणि म्हणाले, थायरॉइड कधी तपासलंय का? म्हटलं, तपासलंय, काही नाही निघालं. तर म्हणाले, तेव्हा या गोळ्या चालू होत्या?

…चालू होत्या.

अगं, त्यांत ते बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, भरपूर. ते पोटात असलं की काही ठिकाणची तपासणी फसते म्हणे. आत बिघाड असला तरी कागदावर सगळं ठीक दिसू शकतं.

…

अगं, तुझ्यामुळे कसं होईल?

हे बघ, म्हणूनच मी तुला सांगायला धजत नव्हते. मनाला काय लावून घेतेस? माझे केस गळत होते म्हणून मायेने पाठवल्यास. आणि डॉक्टरीणबाईंनी तेव्हा विचारलं होतं, औषध काय चालू आहे? मी म्हटलं, काही नाही. केसांची गोळी म्हणजे औषध, हे डोक्यातच आलं नाही… बरं, चूक निम्मी तुझी. घे निम्मी आणि गप्प बस.

हो, दुकानातून तशीच गेले डॉक्टरीणबाईंकडे. मान चाचपून बघितली, पाण्याचा घोट गिळायला लावला. मग विचारलं, घरात कुणाला होतं का?

…तेच. मलाही आईच आठवली.

तिला ऐन उन्हाळ्यात शाल लागायची. शेवटी शेवटी आवाजही असाच घोगरा. भाजी निवडता निवडता डोळा लागायचा तिचा, आणि आपण तिला गोगलगाय म्हणून हसायचो… कुणी नेलंच नाही गं तिला डॉक्टरकडे… हो. मीही काल घरी येताना वाटेत म्हटलं, आई, चुकलं आमचं.

…पूस डोळे. सुट्टी संपत आलीय माझी.

नाही, नक्की काहीच नाही. पुन्हा रक्त तपासून रिपोर्ट आल्यावर कळेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय… निघालं तर रोज एक गोळी, सकाळी, उपाशीपोटी. लगेच नाही, फरक पडायला काही आठवडे जातात… नको, अजिबात पाठवू नकोस. तुझ्या सासूबाईंच्या गोळ्या त्यांच्यापाशीच राहू देत. तुझ्या पार्सलांनी आधीच… बरं, गंमत केली.

ये की. सोबत आलीस तर मलाही धीर येईल… रिकाम्या हाताने ये, म्हणजे झालं.

किती वाजता? थांब, लिहिलंय… हां. सोमवार, सकाळी आठ. तोवर केसांच्या गोळ्या बंद. घरात जे जे चालू आहे ते डब्यांसकट आणा… त्यांनीच लिहून दिलंय. अक्षर बरं आहे, डॉक्टर असून.

कागद ना? माझाच. त्यांनी मागितला, पर्समध्ये घडी केलेला हाच होता. केला पुढे.

…हो. तोच. अर्जच.

मागच्या बाजूला, निळ्या शाईत. पुढची बाजू त्यांनी वाचली असणार. बोलल्या काही नाहीत, लिहिलं आणि परत दिला… आज चारला साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता… असा कसा देणार? पाठीवर केसांच्या गोळ्या बंद म्हणून लिहिलेलं…

नाही गं. नवा लिहायचा कंटाळा आलाय. आळशी ना मी.

…हस, हस.

चल, दोनची गाडी लागली. हल्ली पाच मिनिटं आधीच सुरुवात करते, म्हणजे वाक्य वेळेत संपतं… ठेवते गं. फलाटावर माणसं उभी आहेत, त्यांना सांगायला हवं.