इमामाला मागून टोकणारा माणूस

जमलेल्या भावांनो, बायांनो, महाळुंग्याहून आलेल्या पावण्यांनो, आणि मशिदीच्या कमिटीचे अध्यक्षसाहेब.

मी शमशाद. हाफिजचाचांची लेक. अब्बांच्या या शोकसभेत बोलायचं न्हाई असं ठरवून आले व्हते. पण आत्ता अध्यक्षसाहेबांचं भाषण ऐकलं आणि उठले. रागानं उठले.

साहेब म्हणाले, चाचांनी आयुष्यभर कुराण जपलं. चाचा म्हंजी गावाची शान. लई चांगलं बोलले. मंग साहेब, मागच्या रमजानात या शानीला शेवटच्या रांगेत कुणी धाडलं?

आपल्यात जे मुसलमान न्हाईत त्यांना सांगते. रमजानच्या महिन्यात रोज रातच्या नमाजीला एक हाफिज, म्हंजी कुराण पाठ असलेला माणूस, इमाम म्हणून पुढं उभा राहून थोडं थोडं करून अख्खं कुराण तोंडपाठ म्हणतो. त्याच्या मागं, पहिल्या रांगेत, दुसरा हाफिज असतो. त्याचं काम ऐकायचं. पुढचा चुकला की तिथल्या तिथं मागून बरोबर आयत, म्हंजी कुराणातली ओळ, म्हणायची. त्याला लुकमा देणं म्हणत्यात. लुकमा म्हंजी घास. पुढचा मुकाट मागं येतो, ते दुरुस्त करतो आणि पुढं जातो. यात कुणाचा अपमान न्हाई, कुणाची फजिती न्हाई. अशीच ही किताब आजवर जशीच्या तशी आली, असं अब्बा म्हणायचे.

चुका कुणाच्या होत न्हाईत? मिळत्याजुळत्या आयती लई हायेत. एका सूरेतली, म्हंजी एका अध्यायातली, म्हणता म्हणता माणूस दुसऱ्याच सूरेत शिरतो. अब्बांचंबी व्हायचं. कांद्याला पाणी देता देता ते म्हणायचे आणि मी बांधावर किताब उघडून बसायची. चुकले की टोकायची. टोकलं की खूश व्हायचे, राव! "शाब्बास बेटी," म्हणायचे.

आमच्या रानात मेंढरं बसवायला येतात ते सखाराममामा इथंच बसलेत. त्यांनी एकदा विचारलं, "चाचा, रोज तेच म्हणताय, अजून पाठ न्हाई झालं व्हय?" अब्बा म्हणाले, "मामा, तुमी रोज मेंढरं का मोजता? कालच तर मोजली व्हती." मामा लई हसले. समजलं त्यांना. मेंढरं राखणाऱ्याला समजलं, आपल्या कमिटीला न्हाई समजलं.

काय झालं मागच्या रमजानात? कमिटीनं बाहेरून नवे हाफिज आणले. माणूस चांगला, आवाज गोड. आणि साहेबांनी मोबाईलवर लाईव्ह सुरू केलं. दुबईपासून भिवंडीपर्यंत पावणे बघणार म्हणून. पहिल्याच आठवड्यात हाफिज एका ठिकाणी घसरले. अब्बांनी मागून लुकमा दिला. पुन्हा घसरले, पुन्हा दिला. नमाज झाली आणि साहेब अब्बांना म्हणाले, "चाचा, लाईव्ह चालू असतंय. लोक काय म्हणतील? बारीकसारीक सोडून देत जा."

अब्बांनी विचारलं, "त्यात बारीकसारीक काय असतंय?"

दुसऱ्या दिवशी अब्बांच्या जागी दुसराच माणूस उभा. गुडघे दुखतात ना चाचा, मागं खुर्ची टाकलीय, म्हणून सांगितलं. वा रे माया! आणि त्याच दिवशी पुढं आयती सुटल्या. मी घरी किताब उघडून लाईव्ह ऐकत व्हते, मला कळलं. अब्बा शेवटच्या रांगेतून वरडले. पुढं ऐकू गेलं न्हाई. पण पहिल्या रांगेत ऐकू गेलं की न्हाई? बोला की! दोघंतिघं हाफिज तिथं उभे व्हते. साहेबांना वाईट वाटंल म्हणून तोंड शिवून उभे राहिले. वरनं बाहेर येऊन म्हणाले, म्हाताऱ्याला खोड हाय टोकायची.

सुटलेलं दुसऱ्या दिवशी म्हणून घेतात, तशी रीत हाय. अब्बा ते सांगायला गेले. साहेबांना वेळ न्हवता. महिना संपला, कुराण पुरं झालं म्हणून मिठाई वाटली. अब्बांनी तो पेढा हातात घेतला न्हाई. "अधुरं हाय," म्हणाले, आणि घरी येऊन रडले. माझ्या अब्बांना मी आईच्या मयतीतबी तेवढं रडताना बघितलं न्हाई.

एकच माणूस घरी आला. कोण? ज्यांची चूक निघाली तेच. नवे हाफिज. अब्बांसमोर मांडी घालून बसले, "चाचा, कुठं सुटलं ते सांगा," म्हणाले. मंग रोज दुपारी यायचे. त्यांना राग न्हवता. राग व्हता तो मोबाईल धरणाऱ्यांना.

मी एकदा अब्बांना म्हनलं, "अल्लाहनं किताब राखायचं वचन दिलंय ना, मंग तुमी कशाला जिवाला लावून घेताय?" म्हणाले, "वचन त्याचं हाय बेटी. कान आपलेच लागत्यात." जगात कुराणाला काही व्हणार न्हाई, साहेब. ते तुमच्या माझ्या भरवशावर न्हाई. पण आपल्या गावात ते त्या महिन्यात अधुरं राहिलं आणि अख्ख्या गावानं पेढे खाल्ले.

आता अशा सभेत शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायची रीत हाय. मी शांतता मागणार न्हाई. पहिल्या रांगेतल्यांनी ती महिनाभर पाळली, तेवढी पुरे झाली.

मी एवढंच विचारते. येत्या रमजानात हाफिजांच्या मागं कोण उभं राहणार? कोण मोठ्यांदा टोकणार? साहेब समोर असले तरी, लाईव्ह चालू असलं तरी? जो टोकणार त्यानं आत्ता उभं राहावं.

हाफिजसाहेब, तुमी कशाला उठलात? बसा. तुमी म्हणणारे. मला ऐकणारा पायजे.

अब्बा, तुमाला सलाम.

कुणी उठत न्हाई तोवर मी हितंच उभी हाय.