दादाचा डोह

माणसं सांत्वनाला कशाला येतात, ते मला विचारा. वैशाखात दादा तापानं गेला. आमच्यात दहावा होईपर्यंत घरचं जाळं पाण्यात पडत नाही, हे धरणावर जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. म्हणजे तोवर मी घरात आणि पाणी बाकीच्यांना मोकळं. तिसऱ्याच दिवशी शेजारचा गणपतभाऊ ओट्यावर येऊन टेकला.

"लय वाईट झालं, बाबू," म्हणाला. आणि लगेच, "धरण एवढं आटलं, तरी तुह्या दादाले रोहू भेटे. जाळं कुठी टाके तो?"

उन्हाळ्यात मासा धरणाच्या तळाशी जुन्या नदीच्या डोहात उतरतो. तो डोह दादानं शोधला होता आणि फक्त मला दाखवला होता. मी म्हटलं, "धरणात सागाचं जंगल बुडालं ना, त्याच्या मधात टाके."

दुसऱ्या दिवशी गणपतभाऊ फाटक्या जाळ्याचा गोळा खांद्यावर घेऊन आला. "तिथी तं नुसते खुंट हायेत बे. मासा नाई, काई नाई."

"खुंटच आहेत तिथी."

वाटलं, आता शिव्या देईल. पण तो म्हणाला, "मंग खरी जागा कुठी हाय?"

"सांगतो. पहिले आत जा. माही आई बसली आहे. एकदा तरी दादासाठी रड."

गणपतभाऊ आत गेला आणि खरंच रडला. इतका रडला, की आईनंच उठून त्याला पाणी दिलं. मग डोळे पुसत बाहेर आला, माझ्याजवळ सरकून बसला आणि म्हणाला, "हं, सांग आता."