शिव्या देतच उतरा

आर्वीच्या मोटारस्टँडवर गोपिका वांग्यांची टोपली घेऊन रांगेत उभी होती. जुन्या पुलाशी मोटार रिकामी करतात, पूल पायी ओलांडावा लागतो, म्हणून ती मघापासून करवादत होती. मागे एक म्हातारी कोणाशी तरी बोलत होती.

“पुलावर लाल फडकं दाखवते, ते तुमीच ना भाऊ?”

“मीच. लहानू मुकादम. रोज हातोडीनं दगड ठोकतो आन् कान लावतो. सुटलेला दगड बोदा वाजते.”

“पोरगी दिवसांतली असून तिले चालाले लावलं, म्हून मी तुमाले लय शिव्या देल्ल्या होत्या.”

“माह्या सात पिढ्या काढल्या होत्या, माय.”

“आमी पायी पार झालो, आन् मांगून रिकाम्या मोटारीचं चाक कमानीत खचलं. भरली असती तं?”

“आता ते कमान नवी बांधली. बाकीच्या दोन इंग्रजाच्या काळातल्याच हायेत.”

“नातू झाला, भाऊ. बारशाच्या घुगऱ्या तुमाले राह्यल्या होत्या, म्हून आज पुन्हा शिजवल्या. घ्या. आन् त्या शिव्या मी वापस घेतल्या.”

“वापस नोका घेऊ. शिव्या देतच उतरा, पण उतरा.”

मोटार सुटली. खिडकीतून पूल दिसला. कंडक्टरनं हाक मारायच्या आधीच गोपिकेनं टोपली डोक्यावर घेतली होती.